पहाटे दोन ते सहा

आज १२ मे, जागतिक परिचारिका दिन. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १८२० साली याच तारखेला झाला. गोव्यातल्या सरकारी इस्पितळांत आणि नर्सिंगच्या संस्थांत आज जे होईल ते दरवर्षीचेच. दीपप्रज्वलन, हातात मेणबत्त्या धरून शपथ, एखादा केक, ‘रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा’ असे सांगणारे प्रमुख पाहुणे आणि शेवटी प्रत्येकीच्या हाती एक गुलाब. नाइट करून गेलेल्या घरी झोपलेल्या असतील, ज्यांची ड्युटी आहे त्या वॉर्डात असतील. ज्यांच्यासाठी कार्यक्रम, त्यांतल्या बऱ्याचजणी कार्यक्रमाला नसतातच. यात वाईट काही नाही. गुलाब सगळ्यांनाच आवडतो. पण गोव्यापुरते बोलायचे तर या तारखेला खेटून दुसरी एक तारीख उभी आहे आणि तिचे नाव आजच्या कुठल्याही भाषणात येत नाही.

ती तारीख ११ मे २०२१. त्या दिवशी पहाटे दोन ते सहा या चार तासांत बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, कोविडचे २६ रुग्ण दगावले. हा आकडा खुद्द आरोग्यमंत्र्यांनीच सांगितला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे त्या आठवड्यात जी सुनावणी झाली तिच्यातून सगळ्या राज्याला काही नवे शब्द कळले. ट्रॉली, मॅनिफोल्ड, प्रेशर ड्रॉप. सिलिंडरांच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून आणायच्या, मॅनिफोल्डला जोडायच्या आणि एक संपून दुसरी जोडली जाईपर्यंत वाहिनीतला दाब खाली यायचा. ऑक्सिजन कमी पडला की पोचायला उशीर झाला, यावर सरकारातच दोन सूर होते. पुढच्या रात्रींतही मृत्यू झाले. मग चौकशी समिती नेमली गेली, २० हजार लिटरची टाकी बसली आणि प्रश्न सुटला असे आपण सर्वांनी मानले.

वाहिनीचा प्रश्न सुटला, हे खरेच. पण त्या चार तासांत वॉर्डात फक्त रुग्ण नव्हते. पीपीई किटमध्ये घामाने भिजलेले निवासी डॉक्टर होते, इंटर्न होते, स्टाफ नर्स होत्या, अटेंडंट होते, सफाई कामगार होते. वाहिनीतला दाब घसरला की व्हेंटिलेटर ओरडू लागतो. मग हाताशी उरते ती अंबू बॅग आणि मिळाला तर एखादा सिलिंडर. बॅग दाबायला दोन हात लागतात, आणि ते दोन हात एका वेळी एकाच रुग्णापाशी असू शकतात. शेजारच्या खाटेवरचा आकडा डोळ्यांदेखत नव्वदवरून ऐंशीवर, ऐंशीवरून साठावर येतो. कुणाकडे धावायचे आणि कुणाकडे पाठ करायची, हे पंचवीस-सव्विशीच्या मुलीने काही सेकंदांत ठरवायचे. असा प्रसंग ज्यांच्या वाट्याला येतो त्यांना पुढे कुणी काय विचारले? न्यायालयाने टाकीबद्दल विचारले, वार्ताहरांनी आकड्याबद्दल, नातलगांनी आपापल्या माणसाबद्दल. तिघांचेही बरोबरच होते. पण त्या पाळीवरच्या माणसांना एका खोलीत बसवून, दार लावून, ‘तुमचे काय झाले?’ असे विचारणे हे कुणाचेच काम नव्हते. आजही ते कुणाचे काम नाही. आमचे आज म्हणणे आहे ते एवढेच.

बांबोळी सगळ्या गोव्याचे इस्पितळ आहे. डिचोली तालुक्यातल्या आमोण्यात कुणाला रात्री छातीत कळ आली तर १०८ ची गाडी मांडवीवरच्या पुलाने खांडोळ्याला उतरते, माशेल, बाणस्तारी करत जुन्या गोव्यावरून बांबोळी गाठते. साखळी आणि डिचोलीची आरोग्य केंद्रे जवळ आहेत, म्हापशात जिल्हा इस्पितळ आहे, पण अवघड केस शेवटी बांबोळीलाच जाते. त्या गाडीतला चालक आणि त्याच्यासोबतचा तंत्रज्ञ यांच्या हातात कधी कधी वाटेतच माणूस जातो. त्याला उतरवून गाडी धुऊन घेतात आणि पुढचा कॉल येतो.

आमोण्याचा ग्रामदेव बेताळ. गोव्यात बेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून वहाणा झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या, अशी भाविकांची श्रद्धा. रात्रपाळीच्या देवाला काय लागते हे आपल्या पूर्वजांनी किती नेमके ओळखले होते! त्याला गुलाब दिला नाही, पायतण दिले.

गोष्टीतला वेताळ वेगळा. त्याचे आणि आपल्या ग्रामदेवाचे नाते काय ते अभ्यासकांनी सांगावे. पण वेताळपंचविशीची अट आज आठवावी अशी आहे. राजा विक्रम स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. त्या प्रेतातला वेताळ त्याला वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडे घालतो. तोंड उघडलेस तर मी पुन्हा झाडावर जाऊन लटकेन, तुझी सगळी पायपीट फुकट. आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शंभर शकले होऊन तुझ्याच पायाशी पडतील. आपल्या इस्पितळांतल्या माणसांची कोंडी अगदी हीच आहे. वॉर्डात काय चुकले, कोण कमी पडले, कशामुळे माणूस गेला, हे त्यांना ठाऊक असते. बोलावे तर मेमो, बदली, चौकशी, नाहीतर ‘तुलाच काय ते कळते’ हा टोमणा. न बोलावे तर डोके फुटायची वेळ. विक्रम जवळजवळ दर वेळी बोलतो आणि पुन्हा झाडाकडे चालू लागतो. आमच्या नर्स बहुतेक वेळा गप्प राहतात.

ही गप्प राहण्याची शिस्त अंगात कशी भिनते, हे पाहायचे तर वॉर्डात एक मृत्यू पाहावा. डॉक्टर ईसीजीची सरळ रेघ काढून घेतात, वेळ सांगतात आणि नातलगांशी बोलायला बाहेर जातात. पुढचे काम सिस्टरचे. पडदा ओढायचा. सलाइनची सुई, कॅथेटर, नाकातली नळी काढायची. डोळे मिटवायचे, हनुवटी पट्टीने बांधायची, कापसाचे बोळे लावायचे, हातपाय सरळ करून पायाचे अंगठे एकत्र बांधायचे, नावाची चिठ्ठी अडकवायची. अनुभवी सिस्टर हे करताना मेलेल्या माणसाशी हळू आवाजात बोलतात, हे अनेकांनी पाहिले असेल. शिकणाऱ्या मुलींना ते पुस्तकातून नाही, तिथेच कळते. मग पडद्याबाहेर येऊन दागिने मोजून सही घ्यायची, कागद पुरे करायचे, गादीला जंतुनाशकाने पुसायचे, चादर बदलायची. कॅज्युअल्टीतून पुढच्या रुग्णासाठी फोन आलेलाच असतो. सकाळी ओव्हर देताना रिपोर्ट बुकात त्या सिस्टरबद्दल एक ओळ असते, तीही तिच्याबद्दल नसतेच. खाट क्रमांक, वेळ, ‘बॉडी नातेवाइकांच्या ताब्यात दिली’. ओव्हर घेणारी विचारते, ‘दहा नंबरचे ड्रेसिंग झाले?’ आणि आठ तासांचा हिशेब तिथे मिटतो. तो मिटत नाही, घरी जातो. पोराच्या डब्यात, सासूशी झालेल्या खटक्यात, दुपारी न येणाऱ्या झोपेत.

इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषक बाईंनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका मोठ्या इस्पितळातल्या नर्सिंगचा अभ्यास केला होता. शिकाऊ नर्सेस मोठ्या संख्येने प्रशिक्षण सोडून जात होत्या. त्यांना दिसले ते असे. दुःखाशी आणि मृत्यूशी रोज जवळून गाठ पडते, त्याची भीती आवरण्यासाठी इस्पितळाने स्वतःच एक यंत्रणा उभी केली होती. एका नर्सने एका रुग्णाचे सगळे करायचे नाही, कामाचे तुकडे पाडायचे, म्हणजे जिव्हाळा जडणार नाही. रुग्णाचे नाव घ्यायचे नाही, ‘दहा नंबरचे लिव्हर’ म्हणायचे. रडणे म्हणजे व्यावसायिकतेला कमीपणा. आणि मेंझिस यांचा निष्कर्ष उलटाच होता. ही यंत्रणा भीती कमी करत नव्हती. काळजी घेण्यातले समाधान मात्र हिरावून घेत होती, आणि सोडून जाणाऱ्यांत अधिक परिपक्व मुली बऱ्याच होत्या. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण. आपल्याकडे ‘दहा नंबर’ अजून दहा नंबरच आहे.

गोष्ट सांगण्याने इस्पितळाचे काय होते, याचे मराठी मुलखातले सर्वांत मोठे उदाहरण परळच्या केईएमचे आहे. ते सोपे उदाहरण नाही, म्हणून त्याकडे जरा थांबून पाहावे लागते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या तरुण नर्सवर इस्पितळाच्याच तळघरात, तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, त्या त्याच इस्पितळात होत्या आणि तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली. इतक्या वर्षांत अंगावर जखम होऊ दिली नाही, याची नोंद न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनीही घेतली. शिकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला त्यांची ओळख करून दिली जाई. ही आपल्यातली होती आणि आजही आपल्यातलीच आहे, असे सांगितले जाई. २०११ साली दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे ‘जवळचे’ म्हणून मान्यता दिली ती केईएमच्या कर्मचाऱ्यांना. रक्ताचे नाते नाही, कागदावरचे नाही. ज्यांनी आपली गोष्ट एकमेकींना सांगत ठेवली त्यांचे नाते देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरले. आपल्या सार्वजनिक इस्पितळांच्या इतिहासात याच्या तोडीचे काही आम्हाला आठवत नाही.

पण त्याच इस्पितळाने त्याच घटनेतली दुसरी गोष्ट गिळली. लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवलीच गेली नाही. मुलीची बदनामी नको, हे कारण. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल. नर्सेस तेव्हा संपावर गेल्या होत्या, सुरक्षितता मागत होत्या. जवळजवळ ५१ वर्षांनी, ९ ऑगस्ट २०२४ ला, कोलकात्याच्या आर. जी. कर इस्पितळात रात्रपाळीची निवासी डॉक्टर सेमिनार रूममध्ये मारली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाला कृती दल नेमताना अरुणा शानबागचे नाव पुन्हा घ्यावे लागले. कोणती गोष्ट सांगायची आणि कोणती दाबायची, हे संस्था ठरवते तेव्हा ती नेहमी स्वतःला शोभणारी गोष्ट निवडते. सेवेची गोष्ट भिंतीवर लागते, भीतीची फायलीत जाते. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्याच नायर इस्पितळात डॉ. पायल तडवी या निवासी डॉक्टरने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप असलेला तो खटला न्यायालयात गेला. म्हणजे छळणारा नेहमी संतापलेला नातलगच असतो असे नाही. तो शेजारच्या टेबलावर बसलेला असू शकतो.

तेव्हा गोष्टी सांगायच्या म्हणजे काय, हे नीट बोलायला हवे. भाषणातल्या प्रेरक कथा नव्हेत.

अमेरिकेत बॉस्टन शहरात केनेथ श्वार्ट्झ नावाचा चाळिशीतला वकील होता. आरोग्यसेवेशी संबंधित खटले हाच त्याचा व्यवसाय. १९९४ च्या अखेरीस त्याला फुप्फुसाचा कर्करोग निघाला. मरणापूर्वी काही महिने त्याने एक लेख लिहिला. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीला गेला तेव्हाची नर्स घाईत होती, काहीशी तुटकही. कर्करोग आहे आणि घरी दोन वर्षांचा मुलगा आहे हे कळल्यावर तिचा आवाज बदलला. तिच्या भाच्याचे नावही त्या मुलाचेच होते. तिचे डोळे भरून आले आणि दुसऱ्या दिवशी आपला वॉर्ड सोडून ती त्याचा हात धरायला आली. श्वार्ट्झ सप्टेंबर १९९५ मध्ये वारला. त्याच्या नावाने जे केंद्र उभे राहिले त्याने १९९७ पासून एक बैठक सुरू केली. विशेष हे की ती रुग्णांसाठी नाही, त्या नर्ससारख्यांसाठी आहे. महिन्यातून एकदा, तासभर, आधी सर्वांना जेवण. तीन-चार कर्मचारी समोर बसून एखाद्या रुग्णाची किंवा प्रसंगाची गोष्ट पाच-पाच मिनिटांत सांगतात. उपचार बरोबर होते की चूक, हा विषयच नाही. ‘मला काय वाटले’ हा विषय. मग सभागृहातले ज्यांना बोलायचे ते बोलतात. कुणी उपदेश करत नाही, कुणी उपाय सुचवत नाही. सर्जन, फार्मासिस्ट, सफाई कामगार, पाद्री, सगळे एकाच ओळीत बसतात.

ब्रिटनमध्ये या बैठका २००९ पासून सुरू झाल्या आणि तिथल्या संशोधकांनी त्यांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. नियमित येणाऱ्यांत मानसिक ताणाच्या कसोटीवर अडचणीत असलेल्यांचे प्रमाण आठ महिन्यांत २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. न येणाऱ्यांत ते ३७ वरून ३४ वर आले, म्हणजे जवळपास तसेच राहिले. येणारे आणि न येणारे मुळातच वेगळे असू शकतात, त्यामुळे या आकड्यांवर उड्या मारू नयेत. तरी ज्या ठिकाणी यंत्र नको, औषध नको, नुसत्या खुर्च्या लागतात, तिथे एवढे पुरावे पुष्कळ झाले. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात मायकेल बालिंट हे हंगेरीतून आलेले डॉक्टर लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांना दर आठवड्याला जमवून ‘ज्या पेशंटचा विचार डोक्यातून जात नाही’ त्याबद्दल बोलायला लावत. कल्पना नवी नाही. ती डिचोलीपर्यंत पोचलेली नाही, इतकेच.

यावर पहिला आक्षेप आम्हीच घेतो. माणसे द्या, मग गोष्टी ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि अजून ५८ लाख कमी आहेत. ज्या वॉर्डात एका सिस्टरमागे तीस रुग्ण असतात तिथे तिला वर्तुळात बसवून ‘मन मोकळे कर’ म्हणणे ही थट्टा आहे. ध्यानधारणेचे शिबिर घेऊन रिक्त पदांची फाइल बाजूला सारायची युक्ती आपल्याकडे नवी नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक राबवू नये अशी शिफारस केली. चौऱ्याहत्तर! ही ‘सवलत’ आहे, यावरून मूळ आकडा काय असेल ते ओळखावे. तेव्हा भरती, पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, रात्री उजेड असलेली पार्किंगची जागा आणि आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली यांना गोष्ट हा पर्याय नाही. उलट अशा बैठका नीट चालल्या तर याच मागण्या तिथून अधिक ठामपणे वर येतात, आणि म्हणूनच अनेक अधिकाऱ्यांना त्या नको असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. ऐकणारा विश्वासू नसेल तर सांगणे धोक्याचे. ७ जून २०२५ चा गोमेकॉच्या कॅज्युअल्टीतला प्रसंग सगळ्या देशाने पाहिला. एका वृद्ध रुग्ण महिलेला इंजेक्शन नाकारल्याची तक्रार आली म्हणून आरोग्यमंत्री विश्वजित राणे तिथे पोचले, मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला कॅमेऱ्यासमोर झापले आणि निलंबनाचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही असे जाहीर केले. मंत्र्यांनी नंतर माफी मागितली. डॉक्टरांचे म्हणणे होते, जिथे अपमान झाला तिथेच, तशीच सर्वांसमोर माफी मागितली जावी. बी-१२ चे इंजेक्शन कॅज्युअल्टीत द्यायचे की आरोग्य केंद्रात, यावर मते असू शकतात. म्हाताऱ्या बाईला हेलपाटा पडू नये ही मंत्र्यांची भावनाही खोटी मानायचे कारण नाही. पण त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक सिस्टरने, प्रत्येक इंटर्नने जे पाहिले ते कुठल्याही परिपत्रकाने पुसले जाणार नाही. वरिष्ठाला असे बोलले जाते, तर मी कोण? तिला उद्या ‘तुझी गोष्ट सांग’ म्हटले तर ती आधी खोलीत कॅमेरा शोधेल. डॉक्टर मंडळी माफीची जागा धरून बसली ती हट्टाने नव्हे. जिथे भीती बसली तिथूनच ती उठवावी लागते, हे त्यांना कळत होते.

मुख्यमंत्री प्रमोद सावंत स्वतः आयुर्वेदाचे डॉक्टर, आमोण्याच्याच तालुक्यातले, कोठंबीचे. एप्रिल २०२० मध्ये आपल्या वाढदिवशी त्यांनी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात पांढरा कोट चढवून ओपीडीत रुग्ण तपासले होते. सहकाऱ्यांबरोबर उभे राहण्याची ती खूण चांगली होती. आता बसायची वेळ आहे, आणि बसणे हे उभे राहण्यापेक्षा अवघड असते, कारण बसल्यावर ऐकावे लागते.

आमोण्याला कारखाना ठाऊक आहे. नदीकाठचा तो पिग आयर्नचा प्रकल्प, कच्चे लोखंड वितळवणारी भट्टी. भट्टीला रविवार नसतो, रात्र नसते. अशा कारखान्यांत पाळी सुरू होण्याआधी कामगारांना उभे करून पाच-दहा मिनिटे सुरक्षेवर बोलण्याची पद्धत आहे. थोडक्यात टळलेला अपघातही नोंदवायचा असतो, आणि नोंदवणाऱ्याला शिक्षा होऊ नये असा निदान नियम तरी असतो. नियम किती पाळला जातो हा वेगळा वाद. पण लोखंड वितळवणाऱ्यांना जे शहाणपण अपघात सोसून आले, ते माणसे वाचवणाऱ्यांच्या संस्थेत अजून यायचे आहे. इस्पितळात थोडक्यात टळलेली चूक जिच्या लक्षात आली ती आधी दार लावते आणि मग मैत्रिणीच्या कानात सांगते.

म्हणून सुरुवात बांबोळीपासून करू नये असे आमचे मत आहे. तिथे आधी समिती होईल, मग उद्घाटन होईल, मग फलक लागेल. सुरुवात डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या सामाजिक आरोग्य केंद्रात व्हावी. तिथे माणसे एकमेकांना नावाने ओळखतात, जत्रेच्या नाटकात एकत्र कामे करतात, एकाच बसने घरी जातात. महिन्यातून एकदा, दुपारी दोनला, जेव्हा सकाळची पाळी सुटते आणि दुपारची लागते तेव्हा पाऊण तास. चहा आणि खायला काहीतरी, कँटीनच्या खात्यावर, वर्गणी काढून नव्हे. भाषा कोकणी, मराठी, ज्याला जी सुचेल ती. रुग्णाचे नाव-गाव सांगायचे नाही. फोन बाहेर. इतिवृत्त लिहायचे नाही, फोटो काढायचा नाही, आणि ‘कार्यक्रम यशस्वी’ अशी बातमी आमच्याकडेसुद्धा पाठवायची नाही. बैठक सांभाळायला बांबोळीच्या मनोविकार इस्पितळातला कुणी प्रशिक्षित माणूस पहिले काही महिने यावा. कुणी फारच खचलेला दिसला तर त्याला एकट्याला गाठून मदतीपर्यंत पोचवण्याची जबाबदारी त्याची. आणि गोष्टीतून छळ किंवा गुन्हा समोर आला तर तो गोष्टीत न मुरवता तक्रारीच्या वाटेने न्यावा. गुप्ततेचे पांघरूण तिथे चालणार नाही.

पहिली गोष्ट वरिष्ठाने सांगावी. आरोग्य अधिकाऱ्याने, मेट्रनने. स्वतःच्या शौर्याची नव्हे. ज्या रुग्णाचा चेहरा वीस वर्षांनीही जात नाही, त्याची. मेट्रनचा आवाज कापलेला एकदा ऐकला की पहिल्या वर्षाच्या सिस्टरला उरलेल्या गोष्टी सुचू लागतात. दुसरी गोष्ट १०८ च्या चालकाची असावी, तिसरी शवागाराची किल्ली ज्याच्याकडे असते त्या अटेंडंटची. हे दोघे बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतात, त्यांचा मालक वेगळा, हजेरी वेगळी, म्हणून त्यांना बोलवायचे कुणाच्या लक्षात राहत नाही. इस्पितळातले सगळ्यात जास्त मृत्यू मात्र त्यांनीच पाहिलेले असतात.

या पाऊण तासात वॉर्ड कुणी सांभाळायचा, हा प्रश्न लगेच येईल आणि तो योग्य आहे. त्याचे उत्तर ड्युटी लिस्टमध्येच आहे. दोन्ही पाळ्या दोन वाजता एकमेकींवर येतात. अर्ध्या बसतील, अर्ध्या वॉर्डात राहतील, पुढच्या महिन्यात उलट. बाहेर राहणाऱ्यांसोबत वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी एकाने राउंडवर थांबावे. त्या पाऊण तासाची हजेरी ड्युटीत धरली जाईल, असे आरोग्य संचालनालयाने एका ओळीच्या आदेशाने कळवावे, नाहीतर घरची बस चुकवून कुणी बसणार नाही. जूनची लिस्ट बहुतेक केंद्रांत अजून मेट्रनच्या टेबलावर पेन्सिलीत आहे.